पवळी पुढं, बाकीची मागं

माझं नाव हिराबाई. गाव आमचं माणदेशात, आटपाडीच्या वरच्या अंगाला, नाव सांगून तुमाला कळनार न्हाई ताई, शंभर उंबऱ्याचं गाव आन् चारी बाजूला माळ, पावसाळ्यातसुद्धा गवत घोट्याच्या वर जायाचं न्हाई. माझा बा गावाची गुरं राखायचा. सकाळी ज्याच्या त्याच्या दारातनं गुरं सोडवायची, माळावर न्यायची, आन् दिवस मावळायला ज्याची त्याच्या दावनीला आनून बांधायची, हे त्याचं काम. मी चालाय लागले तवापासनं त्याच्या मागं. शाळा मी बगितली न्हाई. पर गाय कवा माजावर येनार, कवा व्यानार, आडली तर हात कुठनं घालायचा, हे मला धा-बारा वरसाची व्हते तवाच ठावं झालेलं.

आमच्याकडं खिलार जनावर. खिलार गाईला खोंड झाला की घरात दुधाचा थेंब यायचा न्हाई, सगळं खोंडाला, पोरं कोरा चा प्यायाची आन् खोंड दोन येळ पोटभर दूध. मग दोन वरसानं तो जत्रंत उभा राहिला की मानसं वळून वळून बगायची. तवा माझ्या डोस्क्यात एक पक्कं बसलेलं, की जो मानूस गाईचं दूध काढत न्हाई, समदं वासराला पाजतो, तो जनावरावर माया करनारा मानूस. हे मुद्दाम सांगतीया, कारन ह्याच्यापायीच मी फसले.

माझा मालक हितं चेन्नईला गलाईच्या कामाला व्हता. गलाई म्हंजी सोन्याच्या दुकानातली मोड, झाडलोट आनायची, भट्टीत आटवायची, ॲसिडात टाकायची आन् सोनं येगळं करायचं. आमच्या भागातली लई मानसं ह्या कामाला सगळ्या मुलखात पांगल्यात. मैलापूरला, देवळाच्या मागल्या गल्लीत, माडीवर एक खोली, खाली भट्टी. मालक आन् माझा दीर, दोघंजन. मी लगीन होऊन आले ती धुरातच. बारा वरसं संसार केला, पोरबाळ न्हाई झालं, आन् तेराव्या वरसाला मालकाच्या छातीत ॲसिडचा धूर बसला तो बसलाच. गेले. मग दिरानं मला ठेवून घेतली, भट्टीवरच्या आठ मानसांचं रांधायला. ठेवून घेतली म्हनते मी, पर तसं काय न्हाई, रांधनारी बाई त्याला पायजेच व्हती.

तर त्या गल्लीत एक दूधवाला, त्याच्या दोन गाई रस्त्यावरच बांधलेल्या असायच्या, स्कूटरी आन् रिक्षांच्या मधी. एक दिवस सकाळी बगते तर गाय आडलेली, वासरू उलटं, शेपटी पुढं, आन् पाच-सा जन भोवती उभं राहून डाक्टरला फोन लावत्यात. मला राहवलं न्हाई. मी पदर खवला, तेल मागितलं, हात घातला, मागचं पाय एक एक करून आनलं आन् वढलं वासरू. जित्तं. त्या गर्दीत एक मानूस व्हता, दूधवाल्याचा चुलतभाऊ, सेल्वराज. त्यानं मला तमिळात इचारलं, अक्का, कुठं शिकलीस? आन् म्हनाला, माझ्याकडं साठ गाई हायत, गवतावर, चेन्नईच्या भाईर इरुंगाट्टुकोट्टैच्या बाजूला, येतीस का? मी इचारलं, दुधाच्या? तो म्हनाला, दूध आमी काढत न्हाई, सगळं वासरांना.

काय सांगू तुमाला, माझ्या डोळ्यांत पानी आलं. म्हनलं, हितं तमिळ मुलखात खोंड पाळनारा मानूस भेटला. त्याच आठवड्याला गेले.

ती ही जागा. तुमी नोकरीला हाय ती तिकडं निळ्या पत्र्याची कंपनी हाय न्हवं, तिच्या अलीकडं हे जे मोकळं पडलंय, ते सगळं कुना ना कुना कंपनीनं घेऊन ठेवलेलं, कारखाना बांधनार बांधनार म्हनत वरसानुवरसं तसंच. गवत वाढतं. त्याच्या पल्याड तळं, इकडं त्याला एरी म्हनत्यात. उन्हाळ्यात तळं आटलं की तळ्याच्या पोटात हिरवं गवत, तिथं गुरं उतरवायची. कत्तिरीच्या उन्हात, म्हंजी मे महिन्यात, तेबी जळतं, मग भाताचा पेंढा. ऐपसीचा पाऊस लागला, म्हंजी आपली दिवाळी, की सगळं रान गुडघाभर. मुदलाळीनं, मालकाला इकडं मुदलाळी म्हनत्यात, सगळं गनित त्या पावसाशी बसवलेलं. पोंगल, म्हंजी आपली संक्रांत, झाला की वळू कळपात सोडायचा, म्हंजी गाई दिवाळीच्या पुढंमागं व्यानार, वासरं गवताबरोबर वाढनार. मला लई आवडलं ते. आमच्या माळावर असं गवत कुनी बगितलं असतं तर गडबडा लोळला असता.

पयलं वरीस मी सुखात काढलं. बेचाळीस वासरं झाली, एकच मेलं. पत्र्याच्या शेडात माझी बाज, बाजेखाली कुत्रं, आन् सकाळी उठलं की समोर सगळी गुरं धुक्यात. मी त्यास्नी हाक मारायची, ये गं बाय, ये गं, आमच्याकडं मारत्यात तशी, आन् पंदरा दिसांत साठच्या साठ गाई त्या हाकंवर याय लागल्या. मुदलाळी हसायचा. म्हनायचा, ह्यास्नी मराठी कळाया लागलं.

मग पोंगल झाला आन् गाडी आली. मोठी, लाकडी फळ्यांची. मला वाटलं खोंड बाजाराला चालल्यात, औताला, गाडीला. मी एकेकाच्या कपाळाला हळद लावली. आन् बगते तर खोंडाबरोबर पाच गाईबी काढल्या, त्या वरसाला गाभन न राहिलेल्या. मी म्हनलं, ह्या कशाला औताला? मुदलाळीचा गडी हसला. त्यानं मानंवरनं हात फिरवून दाखवला, असा. आन् म्हनाला, केरळा.

चढंनात गुरं. मग गड्यांनी शेपट्या पिळल्या, पिरगाळून मोडायच्या, कडकन आवाज येतो, आन् जी बसली तिच्या डोळ्यांत मिरचीची पूड. मी कपाळाला लावलेली हळद आन् ती मिरची, दोनी एकत्र झाली तोंडावर. मी वरडले, कुनी बगितलं न्हाई माझ्याकडं. गाडी भरली, फळी लागली, गेली.

मी त्याच दिवशी गाठुडं बांधलं आन् मैलापूर गाठलं. दिराच्या कानावर आधीच गेलेलं, हितं चेन्नईत आपली मानसं थोडी, पर बातमी लगेच पोचती. मला दारात उभी केली. म्हनाला, वयनी, खाटकाच्या गोठ्यातनं आलीस, ह्या घराचं पानी बाटवू नको. मी म्हनलं, मला ठावं न्हवतं. तो म्हनाला, वरीसभर शेन काढलंस आन् ठावं न्हवतं? माझ्या जागी दुसरी बाई रांधत व्हती, ती आतनं बगत व्हती, तिच्या हातात माझीच परात. मी पायरीवर बसले दुपारपातूर. कुनी पानी विचारलं न्हाई. मग उठले, तांबरमची लोकल धरली, तिथनं बस, आन् आले माघारी. मुदलाळीनं इचारलं न्हाई कुठं गेलीस. जेवलीस का म्हनाला. आता बोला, ह्यातला वाईट कोन?

मग मी त्याला म्हनलं, मुदलाळी, मी ऱ्हाते, पर मिरची न्हाई, शेपटी न्हाई. गुरं मी चढवते. दुसऱ्या गाडीला मी हिरव्या गवताचा भारा घेतला, फळीवरनं आधी मी वर चढले, आतनं हाक मारली, ये गं बाय, ये. आन् आली. एकामागं एक आली, माना हलवत, माझ्या हातातनं गवत खात. मी दुसऱ्या बाजूनं उतरले. एकबी काठी लागली न्हाई. गाडीवाला म्हनाला, अशी गाडी मी कवा भरली न्हाई. मला काय वाटलं खरं सांगू? अभिमान वाटला. म्हनलं, जायाचं तर हायच, निदान मार न खाता जाऊ दे. सात वरसं मी असं केलं. सात वरसं ती माझ्या आवाजावर चढली.

आता पवळीचं सांगते, तुमी आल्याबरोबर इचारलं ना, ही पुढं पुढं करनारी लाल गाय कोनची. पवळी माझ्या तिसऱ्या पावसातली. तिची आय पयलारू, व्याताना गेली. वासराचं डोकं बाहेर आन् आय मेलेली, मी वढून काढलं. दुसऱ्या गाई जवळ करंनात, तवा बियरच्या बाटलीला रबर लावून मी तिला वाढवली, रोज पाच येळा, शेडात माझ्या बाजंशी. पोवळ्यासारखी लाल म्हनून पवळी. नाव ठेवू नको म्हनला व्हता मुदलाळी, नाव ठेवलं की त्रास व्हतो. खरं व्हतं त्याचं. ती कळपात गेली तरी मी दिसले की सगळं सोडून मागं यायची, मी झाडाआड बसले तर झाडापातूर. मोठी झाली, दोनदा व्याली, दोनी वासरं गेली गाडीनं, मीच चढवली.

मुदलाळीचा एक नेम व्हता. पोंगलला ज्या गाईच्या पायाशी वासरू न्हाई, ती गाडीत. मग ती गाभन राहिली नसंल, वासरू पडलं असंल न्हाईतर मेलं असंल, काय आसंल ते आसंल. गवत फुकट खानारं जनावर ठेवायचं न्हाई. दर वरसाला मी वळू सोडल्यावर पवळीकडं बगत बसायची, फिरून माजावर येती का. आली न्हाई की माझा जीव भांड्यात पडायचा.

मग मी पडले. एका मोठ्या खोंडानं गाडीच्या फळीवर मला दाबली, रागानं न्हाई, मागनं रेटा आला म्हनून. तीन बरगड्या. उजवा गुडघा तवापासनं वाकत न्हाई. सरकारी दवाखान्यात महिनाभर पडून व्हते, आन् त्या महिन्यात गाडी आली, गड्यांनी भरली, मिरची लावून. मी आल्यावर बगितलं तर फळीला शेपटीचं केस चिकटलेलं.

त्याच वरसाला तो पाऊस झाला.

हे नीट ऐका ताई, कारन ह्यात माझी चूक हाय आन् ती दुसऱ्या कुनाची न्हाई. हितली वासरं मोकळी असत्यात, गाईबरोबर दिवसरात फिरत्यात. आमच्याकडं तसं न्हाई, आमच्याकडं वासरू घरी बांधून ठेवायचं म्हंजी गाय कुठंबी चरली तरी दिवस मावळायला आपसूक वासराकडं येती. आता गाई पलीकडच्या कंपनीच्या आवारात घुसाय लागल्या व्हत्या, वॉचमन लोखंडी गज घेऊन मारायचं, एकीचा पाय मोडला. मला गुडघ्यानं पळाय येत न्हाई. तवा मी बाच्या पद्धतीनं केलं. नऊ कवळी वासरं, आठ-पंदरा दिसांची, दाव्यानं खुंट्याला बांधली. कुठं बांधली? बांधाच्या खाली, खोलगटात. वारा लागत न्हाई, गवत मऊ. माणदेशात जनमलेल्या मानसाला सखल जागा म्हंजी चांगली जागा, तिथं वल ऱ्हाती, तिथं गवत ऱ्हातं. आमच्या मुलखात पान्यानं कुनी मरत न्हाई, पानी नसतं म्हनून मरतं. मला पान्याची भीती ठावंच न्हवती. आन् सगळ्यात खोल, सगळ्यात मऊ जागा, तिथं मी पवळीचं वासरू बांधलं. पवळीचं म्हनून. माया केली मी तिच्यावर.

दोन दिवस पडत व्हता पाऊस. तिसऱ्या दिवशी दुपारी वरच्या तळ्याचा सांडवा सुटला. मुदलाळी एका लग्नाला गेलेला, गडी पेंढा वाचवायला शेडाच्या माळ्यावर. मी त्यास्नी पेंढ्या देत व्हते. गाईंचा आवाज आला, सगळ्या एकदम. बांधावर जाऊन बगते तर खाली गवतच न्हाई. नुसतं पानी, तांबूस, आवाज न करता चढतंय. वासरांची तोंडं तेवढी वर.

मी बसत बसत खाली उतरले. गाठी भिजून गच्च झालेल्या, विळा शेडात राहिलेला. दातानं सोडल्या. पयलं सोडलं, दुसरं सोडलं, तिसरं सोडलं. जवळच्यापासनं सोडत गेले, काय करनार, वाटेतलं टाकून लांबच्याकडं कशी जानार? पवळी पान्यात उतरलेली, पोटापातूर. ती माझ्या पाठीला डोकं लावून मला पुढं ढकलत व्हती. तिला वाटत व्हतं मी करीन. जनमल्यापासनं तिचं सगळं मीच केलं व्हतं ना. चवथ्याच्या गाठीला हात घातला तवा पानी माझ्या छातीला लागलं आन् पाय निसटला, गड्यांनी मला केसाला धरून वर वढली. सा वासरं दाव्याच्या टोकाला तशीच राहिली. दावं तुटत न्हाई हो ताई, दावं मी चांगलं वळते, बानं शिकवलेलं.

पानी उतराय दोन दिवस लागलं. गाई बांधावरनं हटल्या न्हाईत. सड तट्ट फुगलेलं, दूध आपोआप गळत व्हतं बांधाच्या मातीत. मुदलाळी आला, खुंटं बगितलं, दावी बगितली. वासरं बांधायला कुनी शिकवलं? मी म्हनलं, माझ्या बानं. त्यानं शिवी दिली न्हाई. मारलं असतं तरी बरं वाटलं असतं. म्हनाला, सा गाई, पोंगलला काढायच्या. आन् घरी गेला.

सा गाईंत पवळी व्हती.

मी पंदरा दिवस जेवले न जेवल्यासारखं केलं. मुदलाळीच्या पाया पडले. माझ्या चुकीनं तिचं वासरू गेलं, तिची काय चूक? तो म्हनाला, अक्का, चूक कुनाची हे मी बगत न्हाई, पायाशी वासरू हाय का एवढंच बगतो, आज तुझ्या पवळीला सोडली तर उद्या सगळ्यांच्या पवळ्या निघतील. बरोबरच व्हतं त्याचं. धंद्याचं बोलनं व्हतं. मग माझ्या तोंडातनं जे निघालं ते मी आधी इचार करून बोलले न्हाई, देवाशपथ. मी म्हनलं, मुदलाळी, मला आता फळीवर चढाय येत न्हाई. गडी मिरची लावत्यात, गुरं अंग टाकत्यात, दोन तर वाटेतच मेली मागल्या खेपेला, तुमचंच नुकसान. पवळी माझ्या मागं कुठंबी येती. तिला मी शिकवते. ती पुढं चढंल, बाकीची तिच्या मागं.

तो म्हनाला, दाखव.

महिनाभर शिकवली. मातीचा चढ केला, दोन्ही बाजूंनी बांबू, वर गाडीचं तोंड येईल असा. अगदी तोंडापाशी डाव्या अंगाला एक सरकती फळी. मी त्या फळीच्या बाहेर खुर्चीवर बसायची गुळाचा खडा घेऊन. पवळी चढायची, वर पोचली की मी फळी सरकवायची, ती डावीकडनं बाहेर माझ्याकडं, फळी परत बंद. तिच्या मागच्यांना पुढं गाडीच, मागनं रेटा, वळाय जागा न्हाई. हुशार जनावर, चार दिसांत कळलं तिला. पयल्यांदा तिला गूळ देताना मी तोंड फिरवलं. मग न्हाई फिरवलं.

पोंगलनंतर गाडी आली. पयल्या खेपेला कोन व्हत्या, तर त्या पाच जनी. बांधावर तिच्याबरोबर उभ्या राहिलेल्या, दूध गाळत. पवळी पुढं झाली, त्या पाची मागनं गेल्या, एकीनंबी मान फिरवली न्हाई. पवळी बाहेर आली, गूळ खाल्ला. गाडीवाला खूश, मुदलाळी खूश. मुदलाळी म्हनाला, हिला आता नेम न्हाई, ही ऱ्हाईल. मी त्या दिवशी पोटभर जेवले. लाज वाटती सांगायला, पर जेवले.

त्याच वरसाला पवळी गाभन राहिली. दिवाळीत खोंड झाला, आईसारखा लाल, कपाळावर पांढरा टिळा. मी नाव ठेवलं न्हाई. त्याच्याकडं बगायचं न्हाई असं ठरवलं, पर बगत व्हते. लई खेळकर, आईच्या पोटाखालनं हिकडनं तिकडं. आठ महिन्यांनी दूध तोडायचं म्हनून त्याच्या तोंडाला काटेरी मुसकं बांधलं, तो प्यायला गेला की काटं सडाला टोचायचं, ती लाथ मारायची. चार दिवस दोघं एकमेकाकडं बगून हंबरली. पाचव्या दिवशी गप. मग ती येगळी, तो खोंडांत येगळा, पर संध्याकाळी कळप गोळा झाला की तो हमखास तिच्या शेजारी येऊन उभा. अडीच वरसाचा झाला, अंगानं भरला. मला म्हाईत व्हतं. दर गाडीला मी म्हनायची, ह्या खेपेला न्हाई, पुढच्या.

गेल्या पोंगलला त्याचा नंबर लागला. मी मुदलाळीला म्हनलं, त्या दिवशी पवळीला बांधून ठेवते, मी कशी तरी चढीन. तो माझ्या गुडघ्याकडं बगून म्हनाला, तू चढशील? आन् मग म्हनाला, तो तर सगळ्यात सोपा, अक्का, तो तर आईच्या मागं चालत जाईल.

सकाळची येळ व्हती. मी फळीशी बसले. पवळी खालनं निघाली, आन् मागं पयला तोच, तिच्या शेपटीला नाक लावून. मी मनात एकच म्हनत व्हते, पवळे, थांब. आज थांब. वळ मागं, शिंग मार, आडवी पड चढावर, मग मुदलाळी तुला गाडीत घालू दे, मला घालू दे, पर आज थांब. मला वाटायचं ताई, मी शिकले, मानूस हाय, पोटासाठी काय बी शिकतो. ती मुकी हाय, ती आय हाय, तिच्या आत काय तरी शाबूत असंल. वर आली. फळीशी थांबली. मी सरकवली न्हाई. मुद्दाम न्हाई सरकवली. म्हनलं बगू. तर तिनंच, तिनं नाकानं फळी ढकलली, आता सवय झालेली ना, आन् बाहेर आली. मागं वळून बगितलं न्हाई. फळी मी बंद केली. तो गेला आत.

आतनं हंबरला तो. त्याचा आवाज मला येगळा वळखू येतो. पवळीनं कान हलवला, एकच कान. आन् माझ्या मुठीत तोंड घातलं, गुळासाठी.

मी दिला. काय करनार, दिला.

आता मुदलाळी म्हनतो, ही जागा ज्या कंपनीची, ती परत घेनार हाय, एकाद दोन वरसं राहिलीत. मग बगू. पवळीला मरन येईल ते म्हातारपनाचं येईल, हितंच, गवतात, एवढं मी केलं. तुमी इचारलंत चांगलं केलं का. ते मला कुनी इचारू नये. ती माझ्या बाजंशी येऊन बसती अजून, तिचं ऊन ऊन अंग लागतं पाठीला, आन् कवा कवा मला तिचा राग येतो, आसा राग येतो की वाटतं उठून काठी घालावी. मग वाटतं, हिरे, कुनाला मारतीस.

असू दे. तुमी आपलं मराठी बोलायला येता, बरं वाटतं. तुमचं भलं होऊ दे, नोकरीत बरकत येऊ दे, आईबाच्या जवळ ऱ्हावा. येत जावा अशाच, चा करून देईन, गवतात बसू. पोंगल झाला की मंगळवारी तेवढं येऊ नका. मंगळवारी गाडी असती.